दोन हात पाणी

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळशाच्या खुल्या खाणींचा विषय निघाला, की बहुतेक वेळा धुळीवर आणि रस्त्यांवर बोलणे होते. आज मला पाण्याच्या मोजणीबद्दल बोलायचे आहे. आपल्याकडे कोळशाच्या थरांच्या वर कामठी वालुकाश्म आहे, आणि हा खडक पाणी चांगले धरून ठेवतो. खाण तो कापत खाली उतरते, तेव्हा भोवतालचे पाणी झिरपून खाणीत येते, पंपाने बाहेर टाकले जाते आणि जवळच्या विहिरींची पातळी उतरू लागते. ती किती उतरली हे कळावे, म्हणून ठरलेल्या विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी.

मी या कामावर असताना एका मे महिन्यात खाणीलगतच्या गावात गेलो होतो. वहीत मागच्या मे महिन्याचा आकडा 9.60 मीटर होता. टेपच्या टोकाला खडू फासून मी ती विहिरीत सोडली, वर ओढून खडू कुठवर भिजला ते पाहिले, तर आकडा पुन्हा 9.60. ‘पातळी स्थिर’ असे मी लिहीत होतो, तेवढ्यात पाणी भरायला आलेल्या एका आजीबाईंनी आपला दोर माझ्यासमोर धरला. त्याला चार चिंध्या बांधलेल्या होत्या: अक्षय तृतीया, पोळा, दिवाळी आणि संक्रांत. त्या त्या सणाला बादली पाण्याला टेकली, की दोर काठावर जिथे येई तिथे त्या चिंधी बांधत. आमचे चार महिने आणि त्यांचे चार सण जवळपास तेच होते!

त्या म्हणाल्या, “भाऊ, कठडा पावसात पडला. मंग दोर दोन हात कमी लागाले पायजे होता. तो तं तेवढाच लागते. मंग पानी कुठं गेलं?”

मी खाली पाहिले. विहिरीभोवती फुटक्या विटा पडल्या होत्या. मागच्या वर्षीची मोजणी 90 सेंटीमीटर उंच कठड्यावरून झाली होती आणि माझी थेट जमिनीवरून. म्हणजे आकडा तोच राहिला, पण पाणी दोन हात खाली गेले होते. मी लिहिलेली ओळ खोडली. म्हणून सांगतो, पातळी जमिनीपासून मोजायची. कठड्यावरून मोजली, तर कठड्याची उंची वजा करायची. पुन्हा सांगतो, कठड्याची उंची वजा करायची.

हे दोन हात खाणीमुळेच गेले, असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. त्या वर्षीचा पाऊस, शेजारच्या शेतातले पंप आणि खाणीपासून दूर पण तशाच खडकात असलेल्या एखाद्या विहिरीचा आकडा, हे सारे शेजारी मांडावे लागते. माझे तर स्पष्ट मत आहे, की बोअरवेलने आपल्याला पाणी दिले, पण पाण्यात डोकावून पाहण्याची सवय नेली, आणि जुन्या विहिरी कचऱ्याने बुजवणे हा गावाने स्वतःवर केलेला अन्याय आहे.

नदी-नाल्यांचे थोडक्यात सांगतो. नमुने दोन घ्यावे लागतात, खाणीचे पाणी नाल्याला मिळते त्याच्या वरचा एक आणि खालचा एक. एकट्या खालच्या बाटलीवरून काहीच ठरत नाही. खाणीतून नाल्यात सोडलेल्या पाण्यात तरंगणारा गाळ लिटरला 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. मातीच्या ढिगाऱ्यांवरून पहिल्या पावसाचे लोट वाहतात, तेव्हाच नमुना घेतला पाहिजे, कारण हिवाळ्यातले नितळ पाणी त्या दिवसांची हकिकत सांगत नाही.

या मोजण्यांचे अहवाल खाणीला दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात. ग्रामपंचायतीमार्फत ते मागवा, त्यात आपल्या गावची विहीर शोधा, आणि आकड्याशेजारी कठड्याची उंची लिहिली आहे का, ते पाहा.