कांद्याची टरफलं आणि घाटात तापणारी पिकअप

नमस्कार मंडळी. उन्हाळ कांदा निघालाय, लासलगाव-निफाड भागातल्या पिकअप गाड्या रात्रंदिवस रस्त्यावर आहेत, आणि आमच्या गॅरेजला रोज एक तरी ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, शेठ गाडी गरम होतेय बघा. मी आधी बॉनेट उघडत नाही, आधी विचारतो कधी होते? उभी असताना का पळताना, चढाला का सपाटीला, सकाळी चालू केल्या केल्या का तासाभराने? निम्मा रोग तिथंच कळतो हो, पण ऐकायला वेळ कुणाला.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. एक पोरगा आला, दीड टनी डिझेल पिकअप, कांदा भरून वाशीला जायचा आणि येताना भिवंडीहून परतीचं भाडं, कधी टाइल्स कधी काय. जाताना काही त्रास नाही, येताना कसारा घाट अर्धा चढला की काटा लाल. दोन महिन्यात तीन मिस्त्री झाले होते. पहिल्याने थर्मोस्टॅट वॉल्व, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून फेकून दिला, दुसऱ्याने वॉटर पंप बदलला, तिसरा म्हणाला हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी, गेलं, इंजिन खोलावं लागेल. पोराचे गाडीचे हप्ते चालू, तोंड एवढंसं झालेलं.

आता विचार करा. जाताना माल भरलेला पण उतार, येताना चढ. म्हणजे इंजिनला जोर पडला की उष्णता जास्त तयार होते आणि ती बाहेर टाकली जात नाही. मी विचारलं, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकतोस तेव्हा? म्हणाला, तेव्हा काटा हलत नाही. मग पंखा बरा असणार, कारण गाडी उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर असते. तरी इंजिन गार आणि बंद असताना व्हिस्कस फॅन, म्हणजे रेडिएटरमागचा तो पंखा, हाताने फिरवून बघितला. भिंगरीसारखा गरगर फिरत राहिला तर तो गेला समजा, जरा जड लागला पाहिजे. याचा जड होता.

गॅसकेटची शंका होती म्हणून गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी एकदम गार असताना रेडिएटरचं कॅप काढलं, गाडी चालू केली आणि बघत बसलो. गॅसकेट गेलेलं असेल तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, बुडबुडे येत राहतात, कॅप लावून चालवली तर मिनिट-दोन मिनिटात होस पाईप दगडासारखा कडक होतो, आणि कधी कधी डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. इथं यातलं काहीच नाही. खोललं असतं तर फुकट खोललं असतं.

मग लोखंडी जाळी काढली आणि बॅटरी मारली. पुढे एसीचा कंडेन्सर, तो एकदम स्वच्छ, पोरगा रोज पाईपने धुवायचा ना. पण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत बघितलं तर काय, कांद्याची टरफलं! गुलाबी, पातळ, एकावर एक चिकटलेली, मधे धूळ आणि ऑइलचा चिकटा, अख्खी गोधडी झालेली. मार्केट यार्डात ढिगाशेजारी गाडी चालू ठेवून उभी करायची, पंखा ओढतोच आहे, आणि बाजूची फोमची पट्टी कधीतरी गळून पडलेली, तिथून सगळं आत. कंडेन्सर सरकवून काढायला आम्हाला तीन तास लागले, अर्धी बादली निघाली.

धुताना एक ध्यानात ठेवा, पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं आणि हलक्या प्रेशरने. वॉशिंग सेंटरचं मशीन जवळून मारलं तर पत्र्याच्या बारीक पाकळ्या आडव्या होतात, मग हवा जाणार कुठून.

थर्मोस्टॅट मी नवा आणून परत बसवला. तो काढला की गाडी गार राहते हा आपल्याकडचा लाडका समज आहे आणि माझा त्याच्यावर राग आहे. तो साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो, काढला तर सकाळी इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि जाम रेडिएटर काही मोकळा होत नाही. शंका असेल तर पातेल्यात पाणी घेऊन उकळा आणि त्यात थर्मोस्टॅट टाका, डोळ्यांनी दिसतो उघडताना. पाण्याचंही तेच, आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तोच आत नळ्यांना बसतो, म्हणून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. भरताना गाडीचं तोंड चढाला करायचं, हीटर फुल गरमवर, कॅप उघडं ठेवून इंजिन उभ्या गाडीतच चालू ठेवायचं, आतली हवा निघेपर्यंत.

आणि रस्त्यात तापली तर? एसी बंद, हीटर फुल, खिडक्या खाली, बाजूला घ्या. वाफ येत असेल, पाणी गळत असेल तर लगेच इंजिन बंद. काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका, पाणीच संपलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा गार दाखवतो, तेवढ्यात हेड वाकतं. कॅपला तर हातच लावू नका. आत दाब असतो, साधारण एका वातावरणाएवढा, म्हणून आत पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, कॅप उघडलं की एका क्षणात उसळतं. माझ्या उजव्या हातावर त्याची खूण आहे, शिकाऊ असताना मिळालेली. अर्धा-पाऊण तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, त्या बाटलीतलं पाणी तुम्हीच प्या.

त्या पोराचा आठवड्याने इगतपुरीहून फोन आला. शेठ, वर आलो, काटा मधोमधच आहे, टाइल्स फुल भरल्यात. मी विचारलं एसी चालू होता का? गप्प बसला. मग म्हणाला, नाही, भीती वाटली म्हणून घाटभर बंदच ठेवला. मी म्हटलं अरे मे महिना आहे, लाव आता.