चुकलेली ओळ

डोक्याचे केस भादरलेला एक मुलगा एका तरुण भिक्षुणीचे स्वगत म्हणतो आहे. ‘मी मूळची मुलगी, मुलगा नव्हे,’ अशी ती ओळ आहे. तो मात्र पुन्हा पुन्हा ‘मी मूळचा मुलगा’ असे म्हणून जातो आणि मार खातो. चेन कायगे यांच्या १९९३ च्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ या चिनी चित्रपटातला हा दोउझी. पेकिंग ऑपेरा या चिनी संगीत नाट्यकलेच्या मंडळीत प्रवेश मिळावा म्हणून त्याच्या आईने त्याच्या हाताचे सहावे बोट आधीच तोडून टाकले आहे. अखेर त्याचा जिवलग सोबती शितोउच त्याच्या तोंडात चिलीम खुपसतो, ओठांतून रक्त येते आणि त्यानंतर ओळ बिनचूक उमटते.

पारंपरिक कला आणि कलाकाराची ओळख यांचा शोध घेणारे आशियाई चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, की रंगमंचावरच्या झगमगाटापेक्षा तालमीची खोलीच त्यांना एकमेकांच्या जवळ आणते. भूमिका तिथे अंगात मुरवली जाते, आणि ती मुरवणारा हात बहुधा जवळच्याच माणसाचा असतो. त्याच वर्षीच्या ‘सोप्योन्जे’ या इम क्वोन-टेक यांच्या कोरियन चित्रपटात पान्सोरी, म्हणजे ढोलाच्या साथीने गाऊन सांगायच्या कथा, गाणारा बाप मानलेल्या मुलीला औषध पाजून आंधळी करतो. तिच्या आवाजात ‘हान’, म्हणजे साचलेले खोल दुःख, उतरावे एवढ्यासाठी. त्या बापाचा संताप येतो, आणि तरीही तिचे गाणे ऐकताना डोळे भरून येतात. आपल्या ‘नटरंग’मधल्या गुणाला असा कोणी गुरू नाही. राजाची भूमिका करण्याची आस असलेला हा धिप्पाड शेतमजूर फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो, स्वतःचा देह स्वतःच वाकवतो, आणि मग लोक ती भूमिका त्याच्या अंगावरून उतरू देत नाहीत.

जपानमध्ये १६२९ साली तोकुगावा राजवटीने स्त्रियांना काबुकी या पारंपरिक नाट्यकलेच्या मंचावर बंदी केली आणि पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची, म्हणजे ‘ओन्नागाता’ची, परंपरा रुजली. या कलेत नाव आणि भूमिका बापाकडून मुलाकडे जातात. जपानमध्येच जन्मलेले कोरियन वंशाचे दिग्दर्शक ली सांग-इल यांनी २०२५ च्या ‘कोकुहो’मध्ये नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. नागासाकीतल्या याकुझा टोळीप्रमुखाचा पोरका मुलगा किकुओ एका नामवंत काबुकी घराण्यात वाढतो. अपघातात जखमी झालेला गुरू आपली ओहात्सु या नायिकेची भूमिका पोटच्या मुलाला, शुन्सुकेला, न देता किकुओला देतो. प्रयोगाआधी किकुओचे हात थरथरतात, रंग लावता येत नाही, तेव्हा शुन्सुकेच त्याचा चेहरा रंगवतो. आणि किकुओ त्याला म्हणतो, तुझे रक्त घटाघटा प्यावेसे वाटते. ज्याच्या वाट्याची भूमिका आपण घेतली त्याच्याकडेच हे मागणे, यापेक्षा उघडे दुःख मला दुसऱ्या कुठल्या चित्रपटात आठवत नाही. पुढे शुन्सुकेला बापासारखाच मधुमेह होतो आणि पाय गमवावा लागतो; किकुओने ज्या रक्ताचा हेवा केला, त्याच रक्ताचा हाही वारसा.

दोउझीला असा वारसा मागायचा नव्हता. त्याने भूमिकेलाच घर मानले. मोठेपणी तो डिएयी या नावाने गाजतो, शितोउ श्याओलोऊ होतो. एक रणात हरलेल्या राजाची प्रेयसी साकारतो, दुसरा राजा. श्याओलोऊ प्रयोग संपला की चेहरा धुऊन घरी जातो, डिएयीला ते जमत नाही. जपानी आक्रमण, यादवी आणि सांस्कृतिक क्रांती त्यांच्यावरून जातात, आणि क्रांतीच्या भर सभेत दोघे एकमेकांवर उलटतात.

सांस्कृतिक क्रांती संपल्यानंतर, एका रिकाम्या क्रीडागृहात, वय झालेले ते दोघे पुन्हा तेच कपडे चढवून उभे राहतात. श्याओलोऊ गमतीने भिक्षुणीचे ते जुने स्वगत सुरू करतो. ‘मी मूळचा मुलगा’ असे तोच म्हणतो, डिएयी पुढचे शब्द जोडतो, आणि इतक्या वर्षांनी ती ओळ पुन्हा चुकते. ‘मुलगी नव्हे.’ ‘चुकलास,’ श्याओलोऊ हसून म्हणतो. डिएयी स्वतःशी ती ओळ एकदा पुटपुटतो, मग दोघे नाटकाचा अखेरचा प्रवेश सुरू करतात, आणि डिएयी राजाच्या कमरेची तलवार उपसतो.