रानातला युरिया आणि घागरीतलं पाणी

(करवीर तालुक्यातल्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचं थोडं नीट करून घेतलेलं टंकलेखन)

मंडळी, पंचगंगेचं नाव काढलं की आपण लगेच शहराच्या नाल्यांकडं आणि कारखान्यांकडं बोट दाखवतो, आणि ते चुकीचं पण नाही. पण त्याबद्दल पेपरात रोज येतंय, म्हणून मी आज ते सोडून आपल्या रानाचं बोलणार आहे. कारण तुमच्या विहिरीत, बोअरमध्ये जे नायट्रेट (खतातल्या नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, पाण्यात विरघळणारं रूप) येतंय त्यात शेताचा वाटा मोठा असतो आणि ते डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, चव पण नाही.

युरियाचं नेमकं काय होतं ते आधी सांगतो. रानात टाकल्यावर चार-आठ दिवसात त्याचा अमोनियम होतो, तो मातीला धरून राहतो, कारण मातीच्या कणावर ऋण भार आणि अमोनियमवर धन. पण मातीतले जिवाणू काही आठवड्यात त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेटवर पण ऋण भार, म्हणजे माती त्याला धरतच नाही, पाणी जिकडं जाईल तिकडं तेही जातं. पिकानं उचललं तर ठीक, नाहीतर खाली. एकूण टाकलेल्या नत्रातलं साधारण ३० ते ५० टक्केच पीक वापरतं असं धरतात, बाकीचं काही हवेत, काही मातीत, काही पाण्यात.

आता हिशोब करू. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. हे सगळं नायट्रेट होऊन पाण्यात गेलं असं समजा (सगळं जात नाही, फक्त कल्पना यावी म्हणून सांगतोय), तर पिण्याच्या पाण्याची जी मर्यादा आहे, लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट, तिथपर्यंत वीस लाख लिटर स्वच्छ पाणी पोहोचतं. एका पोत्यानं! आणि आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे नुसत्या युरियानं द्यायचं म्हटलं तर एकरी जवळजवळ आठ पोती. त्यात आपल्यातली बरीच जण शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला की अजून दोन पोती वाढवतात, हे मला माहिती आहे, हसू नका.

एका मावशींनी मघाशी विचारलं, पाणी उकळून प्यायलं तर चालेल का? नाही मावशी. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं ते दाट होतं. तुरटी, ब्लिचिंग, गावच्या योजनेचा वाळूचा फिल्टर, कशानंच जात नाही. आरओनं जातं, पण गावाला आरओ लावायचा खर्च कुणी करायचा? सहा महिन्याच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल आणि ते दूध अशा पाण्यात केलं असेल तर रक्ताची ऑक्सिजन न्यायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं.

मग करायचं काय, तर पहिलं म्हणजे वेळ. आडसालीची लागण होते जुलै-ऑगस्टात, भर पावसात. म्हणून लागणीला नत्राचा फक्त १० टक्के हप्ता द्यायला सांगतात, पुढं सहा-आठ आठवड्यांनी ४०, मग बारा-सोळा आठवड्यांनी १०, आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे बुडाला माती चढवताना, ४०. कोंबाला मुळंच नसतात, तो खाणार काय? तरी लोक लागणीलाच निम्मं खत सरीत ओततात आणि त्याच आठवड्यात पाऊस येतो. आणि टाकताना वरनं फेकू नका, पहारीनं भोक पाडून मुळाजवळ घाला, आणि त्यावर पाटानं सरी तुंबेपर्यंत पाणी सोडू नका. ठिबक असेल तर थोडं थोडं देता येतं, सगळ्यात चांगलं.

दुसरं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. खोडव्याचं (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा फुटलेल्या उसाचं) पाचट पेटवणाऱ्याला माझा राग येतो, स्पष्ट सांगतो. हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल एका तासात धूर करतो आपण आणि मग सेंद्रिय कर्ब कमी म्हणून माती तपासणीच्या कार्डावर लाल शेरा बघून हळहळतो. पाचट सरीत एकाआड एक अंथरा किंवा कुट्टी करा, वर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर टाका. युरिया का? कारण पाचटात कार्बन खूप, नत्र कमी, ते कुजवताना जिवाणू मातीतलं मोकळं नायट्रेट खाऊन स्वतःच्या अंगात साठवतात आणि मेल्यावर हळूहळू पिकाला देतात; तोवर पिकाला कमी पडू नये म्हणून वरनं युरिया. म्हणजे माती तेवढ्या काळापुरती बँक झाली की. शिवाय पावसाचा मार सरळ मातीवर बसत नाही, माती वाहत नाही, आणि फॉस्फरस मातीच्या कणालाच चिकटून जातो, म्हणून तोही रानात राहतो.

हे फॉस्फरसचं आपल्याकडं जास्त महत्त्वाचं, कारण पावसाळा सरला की आपली नदी वाहती कमी आणि तुंबलेली जास्त, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी तुकड्या-तुकड्यानं अडवलेली. अडवलेल्या पाण्यात उन्हाळ्यात जलपर्णी फोफावते ती हेच खाऊन. त्यामुळं ओढ्याच्या काठाला, नदीच्या काठाला शेवटच्या सरीपर्यंत नांगरू नका, गवताचा पट्टा ठेवा, वैरण पण मिळते. तणनाशक विहिरीजवळ नको, उकिरडा तर विहिरीजवळ नकोच.

शेवटी एकांनी विचारलं, खत कमी केलं तर उत्पन्न पडेल ना? माती तपासून शिफारशीएवढं द्या, कमी द्या असं मी म्हणतच नाही. पण बांधणीनंतर उशिरा टाकलेल्या युरियानं ऊस लोळतो, पाला वाढतो आणि साखर उतारा घसरतो. तेवढं पोतं नाही टाकलं तरी ऊस काही मागणार नाही.