डुकराचं पिल्लू आणि यकृतातली शिदोरी

[पडद्यावर: व्यायच्या खोलीतला कप्पा, कुशीवर पडलेली डुकरीण]

आत्ता बाहेर आलेलं हे पिल्लू पाहा. अंगावर पातळ चिकट पापुद्रा, मागे लोंबणारी नाळ, आणि खुरांच्या टोकांना मऊ, पिवळट टोप्या. आईच्या गर्भाशयाला खुरांचा ओरखडा येऊ नये, यासाठी त्या असतात. चालायला लागलं की झिजून जातात. वजन जेमतेम सव्वा किलो.

आईच्या पोटात ३९ अंशांची ऊब होती. इथली हवा २० अंशांच्या आसपास, कारण डुकरिणीला गारवा लागतो. पिल्लाला मात्र ३४-३५ अंश हवेत. ओलं अंग वाळेपर्यंत त्याच्या शरीराचं तापमान दीड-दोन अंशांनी उतरतं.

माणसाच्या बाळाला अशा वेळी तपकिरी मेद वाचवतो. हा मेद न कुडकुडता ऊब देतो. डुकराकडे तो नाहीच. त्यासाठी लागणारं यूसीपी-१ हे जनुक डुकरांच्या पूर्वजांमध्ये सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. साधी चरबी म्हणावी तर तीही शरीराच्या एक-दोन टक्केच, आणि त्यातलीही बरीचशी पेशींच्या बांधणीत अडकलेली. राहिला एकच उपाय, कुडकुडणं. त्यासाठी साखर जाळावी लागते.

[पडद्यावर: गर्भ, वार आणि यकृत यांचं रेखाचित्र]

गर्भात असताना साखरेची काळजी नव्हती. ग्लुकोज आईच्या रक्तातून, वारेमार्गे, अखंड येत होतं. गंमत अशी की डुकराच्या गर्भाच्या रक्तात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, पण जन्मानंतर पिल्लाला त्याचा फारसा उपयोग करता येत नाही.

डुकरिणीचा गर्भकाळ ११४-११५ दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या काही आठवड्यांत यकृत पुढच्या प्रवासाची शिदोरी बांधतं. ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून ग्लायकोजेन साठवतं. दिवस भरत आले की पिल्लाच्या स्वतःच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागतं. केंब्रिजच्या ॲबिगेल फाउडेन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की हे कॉर्टिसॉलच डुकराच्या गर्भाच्या यकृताला साखर पुरवण्यासाठी सज्ज करतं. साठाही वाढतो आणि साखर मोकळी करणारी विकरं (एन्झाइम) ही.

त्यातलं एक नाव लक्षात ठेवू या : ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. जन्मतः पिल्लाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण तीसेक ग्रॅम ग्लायकोजेन असतं, पण त्याचा मोठा वाटा स्नायूंत. स्नायूंकडे हे विकर नाही, त्यामुळे त्यांची साखर त्यांच्याच कुडकुडण्यात खर्च होते, रक्तात उतरत नाही. मेंदूला ग्लुकोज पुरवायचं ते यकृतानंच.

नाळ तुटते तशी वारेतली साखर थांबते. साखर साठवायला लावणारं इन्शुलिन खाली येतं, साठा सोडायला लावणारी ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं चढतात, आणि यकृत गाठोडं सोडतं. पण पहिल्या बारा तासांतच त्यातलं बरंचसं संपतं.

[पडद्यावर: सड शोधत आईच्या पोटाशी धडपडणारी पिल्लं]

मग यकृत नवी साखर घडवायला घेतं. कच्चा माल असतो. बाहेर येताना प्राणवायूची ओढाताण झाल्यामुळे रक्तात लॅक्टेट (साखर अर्धवट जळून उरलेला पदार्थ) भरपूर असतं. पण लॅक्टेटपासून ग्लुकोज करायला ऊर्जा लागते, ती मेद जाळून मिळते, आणि मेदच नाही! मेंदूला पर्यायी इंधन म्हणून कीटोन द्यावेत, तर नवजात डुकराचं यकृत ते नगण्यच करतं. आमच्या मते खरी अडचण इथं आहे. कारखाना तयार, माल दारात, जाळायला काही नाही.

ते इंधन येतं चिकातून. चिकात मेद असतो, लॅक्टोज असतं, शिवाय रोगांशी लढणारी प्रतिपिंडं असतात, जी डुकराच्या वारेतून येतच नाहीत. पहिल्या चोवीस तासांत पिल्लाच्या पोटात किमान २०० ग्रॅम चीक गेला पाहिजे. न प्यायलेलं पिल्लू आधी सुस्तावतं, मग लडखडतं, झटके येतात, शेवटी बेशुद्ध पडतं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी उलगडा केला की ‘बेबी पिग डिसीज’ म्हणून ओळखलं जाणारं हे दुखणं म्हणजे रक्तातली साखर घसरणं.

फ्रान्समध्ये झालेला एक प्रयोग मात्र माणसाकडे बोट दाखवतो. १९७७ सालच्या नरांचं गोठवून ठेवलेलं वीर्य आणि १९९८ च्या नरांचं वीर्य वापरून लार्ज व्हाइट जातीची पिल्लं जन्माला घातली. दरम्यानच्या वर्षांत कमी चरबी आणि वेगानं वाढणारं मांस यासाठी माणूस पैदाशीची डुकरं निवडत आला होता. १९९८ च्या नरांची पिल्लं जन्माच्या वेळी कमी परिपक्व निघाली. त्यात आता एकेका वेताला सडांपेक्षा जास्त पिल्लं होऊ लागली आहेत.

[पडद्यावर: दिव्याखाली ठेवलेली टोपली]

म्हणून डुकरं पाळणारे पिल्लू पडल्या पडल्या पुसून कोरडं करतात आणि उबेच्या दिव्याखाली ठेवतात. वेत मोठं असेल तर पोट भरलेली धष्टपुष्ट पिल्लं तास-दीड तास टोपलीत बाजूला काढतात आणि तेवढ्या वेळात बारक्यांना सडाला लावतात.