हात, चित्त आणि माती

तल्लीनतेचा विषय निघाला की आपल्याकडे गोरा कुंभारांची कथा हमखास सांगितली जाते. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना विठ्ठलनामात इतके बुडाले की, रांगत आलेले स्वतःचे मूल पायांखाली आल्याचेही त्यांना कळले नाही. ही कथा भक्तीची आहे आणि त्या अर्थाने थोरच आहे. परंतु हातातल्या कामाशी एकरूप होण्याचे उदाहरण म्हणून ती मला गैरलागू वाटते, कारण काकांचे चित्त त्या वेळी चिखलात नव्हतेच. चिखलात असते, तर त्यातला एवढासा खडाही तळव्याला जाणवला असता.

चाकावरच्या कुंभाराकडे पाहा. मातीचा गोळा बरोबर मध्यावर बसला नसेल, तर चाक फिरताच तो तळहाताला धक्के देऊ लागतो. भांड्याची कड वर ओढताना बोटांचा दाब किंचित वाढला की ती पातळ होते आणि पाणी जास्त झाले की ढासळते. चूक सांगायला कोणी परीक्षक यावा लागत नाही, ती तत्क्षणी बोटांनाच कळते. म्हणून मनाला भटकायला फुरसत उरत नाही.

हंगेरियन वंशाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक आणि शल्यविशारद यांच्या अनुभवांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच आढळले: उद्दिष्ट स्पष्ट हवे, परिणाम लगेच दिसायला हवा आणि काम आपल्या कौशल्याला पेलेल, पण ताणेल, इतके अवघड हवे. फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार कठीण असेल तर धास्ती वाटते. पुढे त्यांनी लोकांजवळ पेजर देऊन, तो अवचित वाजेल तेव्हाची मनःस्थिती टिपून ठेवायला सांगितली. अशी तल्लीनता फावल्या वेळापेक्षा नोकरीच्या कामात अधिक वेळा आढळली. गंमत अशी की, कामावर असताना त्याच माणसांना आपण दुसरे काहीतरी करत असतो तर बरे, असे वाटत होते.

मात्र याचा अर्थ कष्टांतच आनंद असतो, असा कोणी काढू नये. जाते ओढणे हे खांदे भरून आणणारे काम होते आणि सवयीने हात आपोआप फिरू लागल्यावर त्यात लक्ष गुंतावे असे काही उरत नसे. बायकांचे चित्त रमले ते ओवीत: खुंट्याच्या फेऱ्यावर चरण बसवायचा आणि पुढचा चरण येईपर्यंत यमक शोधायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या अभ्यासकांच्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. दळण सक्तीचे होते. ओवी मात्र त्या बायकांनी स्वतःहून रचली. गिरणी आली तेव्हा जाते सोडताना त्यांना हळहळ वाटली नसेल, तर त्यात नवल नाही.