छातीतले जादा ठोके

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते फिजिशियन आहेत.)

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘हृदयविकार : लक्षणे आणि प्रतिबंध’. मी त्यांना म्हटलं, त्यावर दरवर्षी कुणी ना कुणी बोलतंच. माझ्याकडे छातीची तक्रार घेऊन येणाऱ्यांत एक मोठी रांग अशांची असते, ज्यांना विकार नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस हैराण. डॉक्टर म्हणतात ‘काही नाही’, घरचे म्हणतात ‘मनाचे खेळ’, आणि हे बिचारे रात्री दोन वाजता पलंगावर उठून बसलेले. आज त्यांच्याविषयी बोलू या. त्यांतला एक मीही आहे, म्हणून थोडा हक्कानं बोलतो.

काय सांगतात ही मंडळी? ‘मधेच एकदम धस्स होतं.’ ‘छातीत गचका बसतो.’ ‘एक ठोका गळतो आणि मग दुसरा जोरात पडतो.’ ‘घशाशी काहीतरी उडतं.’ रात्री डाव्या कुशीवर वळलं की जास्त. आणि ईसीजी काढायला टेबलावर झोपवलं की एकही नाही, पट्टी अगदी स्वच्छ!

हे होतं कसं, ते आधी बघू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. ठोक्याची सुरुवात तिथून होते. मिनिटाला सत्तर धरले तरी दिवसाला लाखभर ठोके. पण ठोका सुरू करण्याची थोडीफार क्षमता हृदयातल्या इतर पेशींतही असते. एखादी पेशी आपली पाळी यायच्या आधीच ठिणगी टाकते. झाला जादा ठोका. आम्ही त्याला एक्टोपिक म्हणतो. वरच्या कप्प्यातून आला तर पीएसी, खालच्यातून आला तर पीव्हीसी.

आता नाशिकमध्ये उभं राहून ढोलाचा दाखला दिला नाही, तर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही. पथकातला एखादा नवखा पोरगा टिपरू आधीच मारतो. आवाज फुसका येतो. ताशेवाला त्याच्याकडे बघतो, क्षणभर सगळे थांबतात, आणि पुढचा ठोका सगळे मिळून असा देतात की खिडक्यांच्या काचा हलतात. तुमच्या छातीत तेच होतं. जादा ठोका पडतो तेव्हा खालचा कप्पा पुरता भरलेला नसतो, म्हणून तो ठोका दुबळा असतो. पुष्कळदा मनगटापर्यंत पोचतसुद्धा नाही. त्यानंतर थोडा थांबा येतो. त्या थांब्यात कप्प्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकून पडतो. आपण घाबरतो तो बहुतेक वेळा या दणक्याला. म्हणजे ज्यानं तुमची झोप उडवली, तो तुमच्या हृदयाचा नेहमीचाच, जरा जास्त भरलेला ठोका आहे.

याच कारणानं एक गंमत होते, आणि ती गंमत कोविडनंतर फार वाढली आहे. घरोघरी ऑक्सिमीटर आले. पंचवटीतल्या एक आजी घाईघाईनं आल्या, सोबत मुलगा, सून, शेजारी. ‘डॉक्टर, आईची पल्स अडतीस!’ आजी चालत आलेल्या, बोलतायत, चेहरा ठीक. ईसीजी काढला. एक नेहमीचा ठोका, एक जादा, एक नेहमीचा, एक जादा. हृदय मिनिटाला शहात्तर वेळा चाललं होतं, पण दर दुसरा ठोका इतका दुबळा की बोटापर्यंत पोचत नव्हता, आणि ऑक्सिमीटर बोटातली लाट मोजतो. त्यानं निम्मे मोजले. म्हणून सांगतो, नाडी खरोखर मंद आहे की मशीन ठोके गाळतंय, हे ईसीजी बघितल्याशिवाय कळत नाही. पण मंद आकड्यासोबत चक्कर, ग्लानी असेल तर हा हिशोब घरी करत बसू नका, सरळ या.

मग या ठोक्यांना घाबरायचंच नाही का? एकदा नीट तपासून घ्यायचं, आणि ते टाळायचं नाही. ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चोवीस तासांचा होल्टर म्हणजे अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र, हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम. होल्टर हे अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर नावाच्या संशोधकाचं आडनाव. त्यांचं पहिलं यंत्र सुमारे अडतीस किलोचं होतं, पाठीवर बांधून हिंडावं लागायचं. आता ते खिशात मावतं, तरी आमची मंडळी ‘दिवसभर कसं घालायचं’ म्हणून कुरकुरतात.

होल्टरचा रिपोर्ट हातात पडला की लोक एकच आकडा बघतात. ‘तीनशे पीव्हीसी!’ अहो, लाखातले तीनशे. पाव टक्क्याच्या आसपास. पूर्ण निरोगी माणसांना होल्टर लावला तरी अनेकांच्या नोंदीत असे ठोके सापडतात. दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या पुढे गेले की आम्ही लक्ष ठेवतो, इको पुन्हा पुन्हा करतो. वीस-पंचवीस टक्के आणि ते वर्षानुवर्षं, तर काहींचा हृदयाचा स्नायू थकू शकतो. त्यावर औषध आहे, ॲब्लेशन आहे म्हणजे नळी घालून ती चुकार जागा निकामी करणं, आणि ठोके थांबले की बहुतेकांचा स्नायू सावरतो.

काही गोष्टी मात्र या सौम्य प्रकारात बसत नाहीत. शुद्ध हरपणे. चढताना, धावताना ठोके वाढणे किंवा छातीत दुखणे. दम लागणे. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणे. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला असणे. नाडी अधूनमधून नाही, तर सलग, कसलाच ताल नसल्यासारखी चालणे. ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, वयाबरोबर ते वाढतं, आणि त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. त्याला रक्त पातळ ठेवायचं औषध लागू शकतं, तिथे ‘मनाचे खेळ’ म्हणून चालत नाही. आणि निफाड-दिंडोरीकडची मंडळी असतील तर त्यांच्यासाठी : द्राक्षावर फवारणी केल्यावर मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणं आणि नाडी बिघडणं असं एकत्र आलं, तर तो विषबाधेचा मामला. १०८ लावा.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, तो गॅसचा. छातीत काहीही झालं की गॅस. खरा अटॅक आलेला माणूस सोडा पीत बसतो, आणि जादा ठोकेवाला माणूस अटॅक आला म्हणून रात्री कॅज्युअल्टीत धावतो. दोघांची जागा उलटी झालेली. पोट तुडुंब भरल्यावर किंवा आडवं झाल्यावर अनेकांना ठोके जास्त जाणवतात, हे मी रोज ऐकतो आणि मला ते खोटं वाटत नाही. रात्री उशिरा पोटभर मिसळ आणि लगेच अंथरूण, यात सुधारणेला जागा आहे. पण छातीवर दाब, तो हातात-जबड्यात जातोय, घाम फुटलाय, तर ‘गॅस’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. इथून पुढे माझा आजचा मुद्दा सुरू होतो. ठोक्यांनी माणूस खचत नाही. तो ज्या पहाऱ्यावर बसतो त्यानं खचतो.

नाशिकरोडचे एक निवृत्त शिक्षक. सगळे रिपोर्ट चांगले. पण त्यांनी आधी सकाळचं फिरणं सोडलं, ‘वाटेत काही झालं तर?’ मग सोमेश्वरला जाणं सोडलं. मग लग्नाकार्याला जाणं. पलंगाशेजारी बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर आणि एक दोनशे पानी वही. वहीत तारीख, वेळ, नाडी, ‘दोन गचके’, ‘एक गचका, जेवणानंतर’. अक्षर सुंदर, शेवटी शिक्षकच. बोटं सतत मनगटावर. आता बघा, गचका बसला की भीती वाटते, भीतीनं ॲड्रेनलिन वाढतं, ॲड्रेनलिननं पेशी जास्त चिडतात, आणखी ठोके पडतात, आणि वहीत आणखी एक ओळ. शिवाय बसून राहिल्यानं नाडी संथ होते, आणि संथ नाडीत जादा ठोक्यांना डोकं वर काढायला फट मिळते. फिरायला लागलं, नाडी वाढली, की सौम्य प्रकारचे ठोके बहुतेकांचे कमी होतात. म्हणजे ज्या भीतीनं त्यांनी फिरणं सोडलं, त्याच्या बरोब्बर उलटं औषध त्यांना हवं होतं. मी त्यांना एकही गोळी दिली नाही. वही मात्र ठेवून घेतली. ती अजून माझ्या कपाटात आहे. ते पुन्हा ट्रॅकवर दिसायला लागले, पण हे एका रात्रीत झालं नाही. पहिले काही दिवस त्यांच्या पत्नी सोबत चालायच्या आणि ते नाडीला हात लावतायत का, एवढंच बघायच्या.

गोळी का नाही दिली, हे सांगायला हवं, कारण लोक रागावतात. ‘एवढा त्रास आणि डॉक्टर साधी गोळी देत नाहीत!’ एकेकाळी आम्ही डॉक्टरही असंच समजत होतो. हार्ट अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके जास्त, त्यांच्यात मृत्यू जास्त, हे दिसत होतं. मग ठोके दाबा, माणसं वाचतील, इतकं सरळ गणित. अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके खरोखरच दबले. ईसीजी स्वच्छ. आणि १९८९ साली चाचणीचा तो भाग मधेच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू खोटी गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक झाले होते. ते सगळे अटॅक येऊन गेलेले रुग्ण होते, निरोगी हृदयाचे नव्हते. तरीही त्या दिवसापासून आम्ही शिकलो की कागद सुधारणं आणि माणूस सुधारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्रास फारच असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनलिनचा जोर कमी करणारी गोळी देतो, थोड्या मात्रेत. दमा असेल तर आधी सांगा, आणि सुरू केलेली गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

चहाचं काय, हे तुम्ही विचारणारच. २०२३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर निरोगी माणसं, दोन आठवडे. रोज मोबाइलवर संदेश यायचा, आज कॉफी प्या किंवा आज पिऊ नका. कॉफीच्या दिवशी वरच्या कप्प्यातले ठोके फारसे वाढले नाहीत. खालच्या कप्प्यातले सरासरी १०२ वरून १५४ झाले. झोप अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली, पावलं हजारेक वाढली. घ्या, काय निष्कर्ष काढायचा तो काढा! माझा असा : चहात कॅफिन कॉफीपेक्षा कमी असतं, दोन कप सुखानं प्या, संध्याकाळनंतर नको. आठवडाभर बंद करून बघा. फरक नाही पडला तर उगाच तोंडाची चव घालवू नका.

चहापेक्षा मी झोपेचं नाव आधी घेईन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली शिफ्ट बदलली की त्या आठवड्यात माझ्याकडे ठोकेवाले वाढतात. निफाडला थंडी कडाक्याची पडली की द्राक्षवाले रात्ररात्र बागेत शेकोट्या पेटवून, पहाटे पाणी सोडून जागतात, सोबत चहा आणि तंबाखू. त्यांच्या छातीत गचके बसले नाहीत तरच नवल. दारू, ताप, जुलाब, पाणी कमी पिणं, सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी, दम्याचा पंप, लघवी वाढवणारी बीपीची गोळी. यांतलं काही चालू आहे का, ते आधी बघा. जुलाबात आणि लघवीच्या त्या गोळीनं पोटॅशियम उतरतं. नारळपाणी, केळी चांगली. पण किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय नाही.

आणि तुमच्या मुलानं वाढदिवसाला दिलेलं ते स्मार्ट घड्याळ. ते एट्रियल फिब्रिलेशन हेरायला उपयोगी आहे. अटॅक त्याला कळत नाही. जादा ठोके आले की पुष्कळदा ‘निष्कर्ष नाही’ म्हणून मोकळं होतं, आणि तुम्ही रात्रभर तो निष्कर्ष काढत बसता. झोपताना ते दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रत्यक्ष गचका बसला तर? हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडत असाल तर निवडत राहा. श्वास सोडताना सावकाश सोडा, घेताना घाई नको. कूस बदला, दोन घोट पाणी प्या, चार पावलं चाला. मला व्याख्यान देताना येतो. मघाशी होल्टरचं सांगताना एक आला. तुम्हाला कळलं का?

आता प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याने विचारलं, ‘सगळे रिपोर्ट चांगले आहेत, ठोके येतात. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करू का?’)

वय काय तुमचं? एकसष्ट. स्ट्रेस टेस्ट झाली आहे, त्यात ठोके कमी झाले होते? मग लहान फेरी करा, काका, मोठी नको. महिनाभर आधीपासून रोज चाला, त्या दिवशी एकदम नको. आदल्या रात्री झोप घ्या. जागरण, निरंकार उपवास आणि वीसेक किलोमीटर चाल, तिन्ही एकदम नको. उपवास करायचाच तर पाणी आणि फळं चालू ठेवा. चढावर ठोके वाढायला लागले, डोकं हलकं झालं, तर बसा आणि सोबतच्या माणसाला सांगा. एकटे जाऊ नका. आणि अनवाणी अजिबात जायचं नाही. मागच्या वेळी शुगर दोनशेच्या वर होती ना तुमची?