त्याईचा दम किती, मशीनचा किती?

मित्रहो, व्हेंटिलेटरचा सपोर्ट कमी करत पेशंटला मशीनवरून कसं सोडवायचं, यावर बोलायला मला वीस मिनिटं दिली होती. त्यातली सहा प्रास्ताविकात गेली, म्हणजे माझा सपोर्ट कमी करायला आयोजकांनी आधीच सुरुवात केलीय.

आपण कपाशीच्या पट्ट्यातले डॉक्टर. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेचं काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यावरचं औषध ॲट्रोपिन देऊन होतं, विष उतरतं, मग न्यूमोनिया गाठतो, ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी, करावी लागते आणि पेशंट मशीनला चिकटतो. २१ दिवसांपुढे गेलं की पुस्तकं त्याला 'प्रदीर्घ' म्हणतात. नातेवाईक तिसऱ्याच दिवशी म्हणतात.

असाच एक चाळिशीचा शेतकरी. चोविसावा दिवस, मोड, म्हणजे मशीनची श्वास देण्याची रीत, एसआयएमव्ही. सकाळी मी रेट, म्हणजे मशीननं मिनिटाला द्यायचे श्वास, १२ वरून १० करायचो. रात्री सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, जरा घसरलं की ड्यूटी डॉक्टर पुन्हा १२. नऊ दिवस हाच खेळ. बाहेर बाकावर त्याची बायको मांडीवर डबा घेऊन बसलेली. रोज एकच प्रश्न, "आज त्याईचा सोताचा दम किती अन् मशीनचा किती जी?" मी म्हणायचो, "अर्धा-अर्धा." थाप होती ती, पण तेव्हा मलाही खरीच वाटायची.

एका रात्री लाइन गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. डिझेलचं बिल सहीसाठी तीन टेबलं फिरत होतं. त्या तीन टेबलांवर मी वेगळं व्याख्यान देऊ शकतो, अध्यक्षांनी घाबरू नये. मशीनची बॅटरी जुनी, तीही बसली. सिस्टर अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सर, मी दाबायच्या आधीच हे घेतायत." बॅग काढली, गळ्याशी ऑक्सिजन धरला, टॉर्चच्या उजेडात छाती मोजत बसलो. मिनिटाला २६. घाम नाही, मान ओढत नव्हता. चाळीस मिनिटांनी लाइन आली, तरी गडी तसाच. जी चाचणी मी रोज सकाळी घ्यायला हवी होती, ती अंधारानं घेतली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मोड.

एसआयएमव्हीत काही श्वास मशीनचे, मधले पेशंटचे. पण पुढचा श्वास कुणाचा हे डायफ्रामला, म्हणजे श्वासाच्या स्नायूला, आधी कळत नाही, म्हणून मशीनच्या श्वासातही तो ओढतच राहतो. अर्धा-अर्धा कसला! प्रेशर सपोर्टमध्ये प्रत्येक श्वास पेशंट सुरू करतो, मशीन ठरलेला दाब देतं. तो दाब पायरीपायरीनं उतरवायचा. तिसरी रीत, मशीन बाजूला आणि नुसता ऑक्सिजन: टी-पीस, म्हणजे नळीला टी-आकाराचा जोड, किंवा ट्रॅक कॉलर, म्हणजे गळ्यावर बसणारा ऑक्सिजनचा मास्क.

१९९५ च्या स्पॅनिश अभ्यासात दिवसातून एकदा टी-पीस दिलेले पेशंट एसआयएमव्हीसारख्या पद्धतीपेक्षा सुमारे तिप्पट आणि प्रेशर सपोर्टपेक्षा दुप्पट वेगानं सुटले. ते आपल्या पेशंटसारखे महिनाभर अडकलेले नव्हते. तसे पेशंट २०१३ च्या अमेरिकन अभ्यासात होते, सगळे ट्रॅकिओस्टॉमीवाले: सुटायला कॉलरवर मध्यक (मीडियन) १५ दिवस, प्रेशर सपोर्टवर १९. जगण्या-मरण्यात मात्र फरक नाही, हेही सांगायला हवं.

तेव्हा दिवसा कॉलर, दमला की मशीन, रात्री पूर्ण विश्रांती. एसआयएमव्ही मी सोडलं. आणि रात्रपाळीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: सॅच्युरेशन घसरलं तर रेटला हात लावायच्या आधी सक्शन करा. त्या नऊ रात्रींत बहुतेक वेळा नळीत नुसता कफ होता.